घरात गॅसच्या किती टाक्या ठेवता येतात? कुठं ठेवायच्या, कुठं नाही? नियम समजून घ्या

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या चुलीशिवाय काही नव्हतं, तिथंही शेगडी आणि टाकी आली. कागदपत्रं झाली, पुस्तक मिळालं, फोटो निघाला. पण टाकी घरात नेमकी कुठं ठेवायची, भरलेली जादा टाकी ठेवली तर चालतं का, दुसऱ्याच्या नावाची टाकी आपल्या घरी असली तर काय होतं, हे बहुतेक घरांत नीट कुणी सांगितलंच नाही.

त्यामुळं आपल्याकडं काय दिसतं? भरलेली टाकी कडब्याच्या खोपीत. दुसरी पलंगाखाली आडवी. लग्नघरी पाहुण्यारावळ्यांच्या नावावरच्या पाच-सहा टाक्या मांडवाच्या मागं एका रांगेत. काही झालं नाही तोवर सगळं ठीक वाटतं.

शहरात आग लागली तर बंब लवकर पोहोचतो. आपल्या गावात बंब नाही. तो येणार तालुक्याच्या नगरपालिकेचा, नाहीतर जवळच्या साखर कारखान्याचा. तो येईपर्यंत घर, गोठा, गंजी जे वाचवायचं ते आपल्यालाच वाचवायचं असतं. म्हणून हे नियम शहरापेक्षा गावाला जास्त लागू आहेत, असं समजा.

नियम कुणाचा? ग्रामपंचायतीचा की सरकारचा?

घरातल्या गॅसच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीचा वेगळा नियम शोधत बसू नका. मुख्य नियम केंद्र सरकारचे आहेत आणि ते दोन ठिकाणी आहेत.

पहिला, गॅस सिलिंडर नियम २०१६. हे १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात. टाकी कशी ठेवायची, कशी न्यायची, किती गॅसला परवाना लागतो, हे त्यात आहे. हे काम बघणारं केंद्राचं कार्यालय, म्हणजे ‘पेसो’, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

दुसरा, एलपीजी पुरवठा व वितरण आदेश २०००. हा जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली आहे. कनेक्शन कुणाला, किती, आणि घरगुती गॅस कशासाठी वापरायचा, हे यात ठरवलंय. याचा भंग झाला तर तहसीलचा पुरवठा विभाग आणि पोलीस कारवाई करू शकतात. या कायद्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणजे ‘घरची टाकी आहे, कोण विचारतंय’ असं म्हणून चालत नाही.

मग घरात टाक्या किती?

सरळ हिशोब असा. एका कुटुंबाला एकच घरगुती कनेक्शन. त्यावर १४.२ किलोची एक टाकी, किंवा डबल कनेक्शन असेल तर दोन. एक शेगडीला जोडलेली, दुसरी राखीव.

इथं ‘कुटुंब’ म्हणजे काय, हे महत्त्वाचं आहे. नवरा-बायको, लग्न न झालेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील, एका घरात राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारे. आपल्या भाषेत सांगायचं तर चूल एक, तर कनेक्शन एक. भाऊ-भाऊ वेगळे निघाले, स्वयंपाक वेगळा झाला, तर दुसऱ्या भावाला त्याच्या नावानं वेगळं कनेक्शन घेता येतं. ते रीतसर घ्या. भावकीतल्या कुणाच्या तरी जुन्या पुस्तकावर टाकी आणत राहू नका. पुढं अडचण येते ती विम्याच्या वेळी, ते खाली सांगितलंय.

वडील वारले आणि पुस्तक अजून त्यांच्याच नावावर आहे, अशी घरं तर प्रत्येक गल्लीत सापडतील. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदं घेऊन एजन्सीत गेलं की नाव बदलून मिळतं. एक चक्कर मारा आणि करून टाका.

‘१०० किलोपर्यंत चालतं’ हे खरं का?

हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. अर्धं खरं आहे. गॅस सिलिंडर नियमांत असं आहे, की टाक्यांमधला एलपीजी एकूण १०० किलोपर्यंत असेल तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. त्यापुढं गेला की परवाना लागतो.

पण याचा अर्थ घरात १४.२ किलोच्या सात टाक्या ठेवायला मोकळीक आहे, असा नाही. घरगुती कनेक्शनवर दोनच्या वर टाक्या मिळतच नाहीत. मग तिसरी, चौथी आली कुठून? ती कुणाच्या तरी दुसऱ्या कनेक्शनची असणार, आणि तिथं वितरण आदेशाचा भंग होतो.

१०० किलोची मर्यादा खरी कामाची आहे ती ढाबा, खानावळ, मिठाईवाले आणि आचारी यांना. १९ किलोच्या पाच व्यावसायिक टाक्या म्हणजे ९५ किलो. सहावी भरलेली टाकी आत आली की ११४ किलो झाले. तिथून परवान्याचा विषय सुरू होतो. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांच्या टाक्या ठेवून देणारे दुकानदार असतील, त्यांनीही हा हिशोब करून बघावा.

गॅस कसा वागतो, ते आधी कळलं पाहिजे

नियम पाठ करण्यापेक्षा गॅसचा स्वभाव कळला की नियम आपोआप लक्षात राहतात.

आपल्या टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. दाबाखाली तो पातळ होऊन टाकीत बसलेला असतो, वरच्या मोकळ्या जागेत वाफ असते. शेगडीला जाते ती ही वाफ. टाकी आडवी केली, की पातळ गॅसच तोंडाशी येतो. एक लिटर पातळ गॅसचा जवळपास अडीचशे लिटर वायू होतो. रेग्युलेटर वाफेसाठी केलेला असतो, पातळ गॅससाठी नाही. संपत आलेली टाकी आडवी करून, हलवून वापरायची सवय कित्येक घरांत आहे. ती किती धोक्याची आहे, हे यावरून कळेल.

दुसरी गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळपास दीड ते दुप्पट. धूर वर जातो, हा खाली बसतो. जमिनीवरून पाण्यासारखा पसरतो, मोरीत, गटारात, खड्ड्यात, तळघरात, पेवात जाऊन साठतो. म्हणून वरची खिडकी उघडी असून भागत नाही. खाली, जमिनीलगत हवा जायला वाट पाहिजे.

तिसरी गोष्ट. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला, की ठिणगीनं पेट घेऊ शकतो. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली धरा. हिशोब केला तर अशा बंद खोलीला साधारण दीड किलो गॅस पुरतो. टाकीत भरलेला असतो १४.२ किलो. आणि गॅस खालीच साठत असल्यानं जमिनीलगत हे प्रमाण त्याच्याही आधी गाठलं जातं.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम सडक्या कोबीसारखा घाण वास मिसळतात. म्हणून तो वास आला की ‘टाकी संपत आली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

टाकी कुठं ठेवायची?

– टाकी कायम उभी. सपाट, घट्ट जागेवर. धक्का लागून पडणार नाही अशी. राखीव टाकीसुद्धा उभीच.
– जमिनीच्या पातळीवर. तळघरात, खड्ड्यात किंवा उताराच्या खालच्या खोलीत नाही.
– शेगडी टाकीपेक्षा उंचावर, ओट्यावर. जमिनीवर शेगडी आणि शेजारी टाकी, ही मांडणी बंद करा. ओटा नसेल तर दगड-फरशी रचून मजबूत उंचवटा करा. लाकडी खोक्यावर डुगडुगती शेगडी नको.
– ओट्याखाली टाकी ठेवून पुढं दार लावत असाल, तर त्या दाराला खाली आणि वर भोकं ठेवा. हवा खेळली पाहिजे. पूर्ण बंद कपाट नको.
– उन्हात, पत्र्याला टेकून किंवा चुलीच्या धगीजवळ टाकी नको.
– ज्या खोलीत गॅस, त्या खोलीत चूल, रॉकेलचा स्टोव्ह, देवाचा दिवा नको. खोली एकच असेल तर चूल पडवीत किंवा अंगणात घ्या. आंघोळीच्या पाण्याचा बंबही बाहेरच.
– राखीव भरलेल्या टाकीला टोपण घट्ट लावलेलं पाहिजे. ते दोरीनं टाकीला बांधलेलंच असतं, तोडून फेकू नका. रिकाम्या टाकीलाही टोपण लावा, कारण ‘रिकामी’ टाकी पूर्ण रिकामी नसते.
– टाकीपुढं पोती, डबे, सरपण रचू नका. वेळ आली तर हात पटकन रेग्युलेटरवर गेला पाहिजे.

आणि कडबा, गंजी, गोवऱ्या, पाचट, कापूस, डिझेलचे कॅन, फवारणीची औषधं असलेल्या खोलीत टाकी ठेवू नका. कापूस घरात साठवायचे महिने असतात, तेव्हा जागा नसते हे मान्य. पण कापसाच्या खोलीत भरलेली टाकी ठेवली, तर वर्षाचं पीक आणि घर दोन्ही एका ठिणगीवर ठेवल्यासारखं आहे.

शेतवस्तीवर राहणाऱ्यांसाठी

कनेक्शन गावातल्या घराच्या पत्त्यावर, आणि टाकी मळ्यातल्या वस्तीवर. आपल्या भागात हे सर्रास चालतं. कायमचं वस्तीवर राहायला गेला असाल, तर एजन्सीत पत्ता बदलून घ्या.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांनी मोठी टाकी ट्रॅक्टरवर लादून नेण्यापेक्षा ५ किलोची छोटी टाकी घ्यावी. इंडेनची ‘छोटू’ याच प्रकारातली. ती एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. खोपीत वापरायची झाली तर पाचटाच्या भिंतीपासून लांब, उघड्यावर वापरा.

मोठ्या टाकीतून छोट्या बाटल्यांत गॅस भरून देणारे बाजारात बसलेले असतात. त्यांच्याकडून भरून घेऊ नका. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस काढणं बेकायदा आहे. भरताना गॅस सांडतो तो वेगळाच, आणि त्या बाटलीत किती भरला याचं माप नसतं. वर मोकळी जागा राहिली नाही, तर उन्हात गॅस फुगून बाटली फुटू शकते.

मोटारसायकलवर टाकी नेता येते का?

नाही. गॅस सिलिंडर नियमांत स्पष्ट आहे, भरलेली टाकी सायकलवर किंवा कुठल्याही दुचाकीवर नेता येत नाही. आपल्याकडं मागच्या सीटवर टाकी आडवी बांधून दहा-बारा किलोमीटर येणं ही रोजची गोष्ट आहे, पण ते नियमात बसत नाही आणि सुरक्षितही नाही. टाकी पडली, तोंडाला मार लागला, तर खाली गाडीचं गरम इंजिन असतं.

घरपोच येत असेल तर घरपोचच घ्या. गाडी गावात कोणत्या वारी येते, ते एजन्सीला विचारून ठेवा. स्वतः आणायचीच वेळ आली, तर दोन-तीन घरांनी मिळून छोटा टेम्पो करा. टाकी उभी, दोरीनं बांधलेली, टोपण लावलेलं, आणि गाडीत कुणी बिडी-सिगारेट ओढणार नाही.

लग्न, वास्तुशांत, वडापावची गाडी

घरगुती टाकी फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे. लग्नाच्या भट्टीला, हॉटेलला, वडापावच्या गाडीला किंवा वाहनात भरायला ती वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते.

आचाऱ्याला सुपारी देतानाच विचारा, ‘गॅस कुणाचा?’ व्यावसायिक टाक्या त्यानं आणायच्या, असं ठरवून घ्या. भट्टी मांडवाच्या कापडापासून लांब, मोकळ्यावर लावा. टाक्या भट्टीच्या धगीपासून दूर आणि उभ्या ठेवा. शेजारी पाण्याची पिंपं आणि ओली पोती असू द्या. लहान पोरं तिकडं फिरकणार नाहीत, हे बघायला एक माणूस नेमा.

टाकी घेताना दोन मिनिटं द्या

टाकीच्या वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर आतल्या बाजूनं एक इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. अक्षर ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडा म्हणजे वर्ष. ‘बी २८’ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२८ पर्यंत व्हायला पाहिजे. ही मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नका, बदलून मागा.

त्याच पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. शंका आली तर वजन करून मागायचा तुमचा हक्क आहे.

सील काढायला लावून तोंडातलं रबरी वायसर बघा. तुटलेलं, कडक झालेलं असेल तर टाकी परत करा. जोडल्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीच तपासू नका.

नळी आयएसआय शिक्क्याचीच पाहिजे. एजन्सीत नारंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळी मिळते, ती पाच वर्षांत बदलावी लागते. आठवडी बाजारातली स्वस्त नळी नको. उंदरानं कुरतडली तर पाच वर्षं थांबू नका, लगेच बदला. नळीवर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नका, चीर पडलेली दिसत नाही.

वास आला तर

१. शेगडी बंद, रेग्युलेटर बंद. जमत असेल तर रेग्युलेटर काढून टोपण लावा.
२. चूल, दिवा, उदबत्ती, बिडी विझवा.
३. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दोन्हीला ठिणगी पडते. पंखा लावू नका. मेन स्विच घराबाहेर, लांब असेल तरच तो बंद करा.
४. दारं-खिडक्या उघडा आणि म्हातारी माणसं, लेकरं यांना आधी बाहेर काढा.
५. फोन बाहेर, लांब जाऊन करा. गॅस गळतीचा नंबर १९०६, चोवीस तास चालू. आग असेल तर १०१ किंवा ११२. माणूस भाजला असेल तर १०८.

टाकीच्या तोंडाशी छोटी ज्योत पेटली तर घाबरून टाकी आडवी पाडू नका, ढकलू नका. हात पोहोचत असेल तर ओलं पोतं गुंडाळून रेग्युलेटर बंद करा. नुसती ज्योत विझवून गॅस चालू राहिला, तर तो खोलीत साठून नंतर मोठा भडका होतो. आग वाढली, टाकीला सगळीकडून झळ लागायला लागली, तर सगळ्यांनी लांब पळा. तापलेली टाकी फुटू शकते. वस्तूंसाठी परत आत जाऊ नका.

भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. साधं गार पाणी वीस मिनिटं ओता आणि दवाखान्यात न्या.

विमा आहे, पण कागद सरळ असतील तर

हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. सरकारी गॅस कंपन्यांच्या ग्राहकांसाठी कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. आपल्याला हप्ता भरावा लागत नाही. आग मुळात गॅसमुळंच लागली असेल, तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेत सगळ्यांचे मिळून ३० लाखांपर्यंत, आणि नोंदणी केलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत, अशी ही तरतूद आहे.

‘नोंदणी केलेल्या पत्त्यावर’ हे शब्द परत वाचा. टाकी दुसऱ्याच्या नावाची, पत्ता गावातला, आणि आग लागली मळ्यातल्या घराला, तर मालमत्तेची भरपाई मागायची कशावर? म्हणून वर नाव बदला, पत्ता बदला असं सांगितलं.

दुर्घटना झालीच तर त्याच दिवशी एजन्सीला कळवा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पुढं कंपनीला आणि विमा कंपनीला कळवायचं काम तिथून होतं. पोलीस पंचनामा, दवाखान्याची बिलं, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला, सगळं जपून ठेवा. जळालेली शेगडी, नळी, टाकी पंचनाम्याआधी हलवू नका.

आज काय करायचं?

हे वाचून झालं की उठा आणि स्वयंपाकघरात जा. टाकी उभी आहे का, नळीवर शिक्का आहे का, राखीव टाकीचं टोपण कुठं आहे, हे बघा. मग पुस्तक काढा आणि त्यावरचं नाव-पत्ता वाचा. चुकीचं असेल तर पुढच्या बाजारच्या दिवशी एजन्सीत जाऊन या. टाकीजवळ दिवसभर वावरते ती घरातली बाई, म्हणून हे सगळं तिला वाचून दाखवा. रेग्युलेटर बंद कसा करायचा, हे घरातल्या प्रत्येक कळत्या माणसाला आलं पाहिजे, अगदी शाळेत जाणाऱ्या पोरालासुद्धा. १९०६ हा नंबर खडूनं दारामागं लिहून ठेवा. गॅस एजन्सीची किंवा पुरवठा विभागाची याबाबत काही अडचण येत असेल तर आम्हाला कळवा. माहिती उपयोगाची वाटली तर गावच्या ग्रुपवर आणि बचत गटाच्या ग्रुपवर पाठवा.